मानपत्राबाहेरचा नवरा

आमच्या जामनेरात कुणी रिटायर झालं, कुणाची पंच्याहत्तरी आली, कुणाचा मुलगा फौजदार झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात चपला दिसतात. "मॅडम, एक मानपत्र लिहून द्या ना." मी हायस्कुलात मराठी शिकवते आणि गेली कित्येक वर्षं अर्ध्या तालुक्याची मानपत्रं माझ्याच हातची आहेत. ती जाड कागदावर छापतात, काचेच्या फ्रेममध्ये बसवतात, शाल-श्रीफळाबरोबर देतात, आणि सत्कारमूर्ती ती घरी नेऊन बैठकीच्या खोलीत घड्याळाखाली टांगतात. मी कुणाकडे पाणी प्यायला बसले की समोर भिंतीवर माझंच वाक्य. "सदैव हसतमुख, मनमिळाऊ, दुसऱ्याच्या सुखदुःखात धावून जाणारे व्यक्तिमत्त्व." आणि त्या वाक्याखाली खुर्चीत बसलेला माणूस गावातला एक नंबरचा खडूस.

पण मानपत्रात खडूस असं लिहीत नाहीत. त्यात खोटेपणा काही नाही, ती रीत आहे. ज्याचा सत्कार त्यालाही माहीत असतं, टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माहीत असतं. माणूस गेला तरी लोक माझ्याकडेच येतात, कारण उत्तरकार्याच्या दिवशी मांडवात श्रद्धांजली वाचायची असते. ती ऐकून बायकांनी पदर डोळ्याला लावला नाही असं सहसा झालेलं नाही. मला त्याचा गर्व होता. होता म्हणजे होताच, उगीच आता साळसूदपणा कशाला?

मग माझाच नवरा गेला. आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यातली जुनी तार काढून हे नवी तार भरायचे. हिवाळ्याचे दिवस होते. दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या मान खाली गेली, ती वर आलीच नाही. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दीर माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, श्रद्धांजली तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं कोण लिहील?" आणि मी लिहिली. एका बैठकीत लिहिली. शब्द तयारच होते. उत्तरकार्याच्या दिवशी एका सरांनी ती माइकवर वाचली आणि मांडव ढसाढसा रडला. मी रडले नाही. सरांनी एका ठिकाणी थांबायला हवं होतं तिथे ते थांबले नाहीत, मी त्याचाच विचार करत होते. "कष्टाळू" नंतर जरा थांबा घेतला असता तर पुढचा "प्रेमळ" जास्त लागला असता. नवऱ्याच्या उत्तरकार्यात बसून मी हा विचार करत होते.

लोकांनी ती श्रद्धांजली फोटोखाली छापून आणली. आमच्याही घरी फ्रेम आली.

वर्ष गेलं. शेजारच्या घरात नवी सून आली होती, गोड पोरगी. एकदा बोलता बोलता म्हणाली, "काकू, काका कसे होते हो? मी तर पाहिलंच नाही त्यांना." मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "अत्यंत कष्टाळू आणि प्रेमळ. सदैव हसतमुख." ती "हो का?" म्हणून गेली. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. कारण त्याच्यापुढे मला काहीच आठवेना. हे हसायचे कसे? हाक कशी मारायचे? सकाळी उठले की आधी काय करायचे? सव्वीस वर्षं एका छताखाली काढली आणि डोळ्यांपुढे येत होता तो फोटो, आणि फोटोखालचं माझं वाक्य. अंगणाच्या मातीवर फरशी बसवून टाकावी तसं मी माझ्याच हाताने त्या माणसावर काहीतरी बसवून टाकलं होतं, आणि आता खालची माती सापडत नव्हती. मी घाबरले. खरंच सांगते, हे गेले तेव्हा घाबरले नव्हते तेवढी त्या दिवशी घाबरले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पेपरात जाहिरात दिसली. सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, दोन वर्षांचा, नोकरी करणाऱ्यांसाठी. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत धुळ्याला देवपुरात संपर्क सत्र, तेवढे दिवस वसतिगृहात राहायचं. बाकी सगळं वर्ष घरून लिहायचं, पानं पाठवायची, आणि नेमून दिलेल्या मार्गदर्शकाशी फोनवर बोलायचं. शेवटी एक पुस्तकभर लेखन सादर करायचं. मी नाव घातलं. स्टाफरूममध्ये सगळे हसले. "मॅडम, तुम्ही तिथे शिकवायला जायला हव्या, शिकायला काय जाता?" मीही हसले, कारण मनातून मलाही तसंच वाटत होतं.

घरी फक्त सासूबाई आणि मी. लेक नाशिकला तिच्या संसारात. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणतं. त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे इतकी वर्षं जामनेरात काढूनही त्यांची बोली तिकडची अहिराणीच राहिली. त्या म्हणाल्या, "तू शिकाडस ना व माय, मंग तूच शिकाले कसाले जास?" मी म्हटलं, "पगार वाढतो, अक्का." हे साफ खोटं होतं. पण खरं काय सांगणार होते, की तुमचा मुलगा मला आठवत नाही म्हणून?

देवपुरातलं पहिलं सत्र मला अजून जसंच्या तसं आठवतं. जळगावहून एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचली तेव्हा मी ऐटीत उतरले होते. खोलीत माझ्यासोबत जळगावच्याच एक बाई होत्या, फर्निचरचं काम करणाऱ्या मुसलमान घरातल्या, शाळेत उर्दू शिकवणाऱ्या. त्यांना सगळे आपा म्हणत, मीही म्हणू लागले. त्या मला टीचर म्हणायच्या. आल्या आल्या त्यांनी खोलीच्या खिडकीला ओला टॉवेल बांधला, कुठल्या कॉटवर ऊन येतं ते बघितलं, आणि कमी उन्हाची कॉट न विचारता मला देऊन टाकली.

आणि आमच्या मार्गदर्शक. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला मॅडम म्हणायच्या, म्हणून इथे मी त्यांना नुसतं बाई म्हणते. वयाने माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थिनींएवढ्या. बारीक, सावळ्या, आवाज इतका हळू की वर्गातला पंखा बंद करावा लागे. मी मनात म्हटलं, ही पोरगी काय शिकवणार मला.

पहिल्या दिवशी त्यांनी एक पान लिहायला सांगितलं. जवळच्या माणसाबद्दल, मनात येईल तसं. मी हात झटकला आणि नवऱ्यावर पान लिहून दिलं. बाईंनी ते वर्गात वाचलं. छान वाचलं, थांबे बरोबर घेतले. मग म्हणाल्या, "आता मी हेच पान पुन्हा वाचते, फक्त 'माझे पती' च्या जागी 'माझे वडील' म्हणते." वाचलं. चपखल बसलं. मग आपांना विचारलं, "तुमच्या सासऱ्यांचं नाव घालू का?" आपा बिचाऱ्या हो म्हणाल्या. तेही बसलं. बाईंनी पान माझ्या हातात परत दिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, ह्यात तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. सगळ्या वर्गासमोर. माझं मानपत्र आमदारांनी स्टेजवर हातात धरून वाहवा केली आहे आणि ही कालची मुलगी मला विचारते. मी खोलीवर आले आणि बॅग भरायला घेतली. आपा दारात उभ्या. त्यांनी अडवलं नाही. स्वतःच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "टीचर, जायचं तर जा. पण माझा सासरा दारू पीत होता आणि मला मारायला धावायचा. तुमच्या पानात तो फिट्ट बसला. ते बघून मलापण कसंतरी झालं."

मी चहा प्यायले. बॅग उघडीच राहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसले, सगळ्यात मागे, तोंड फुगवून.

हळूहळू मला कळायला लागलं की बाईंकडे काय आहे. त्या लिहायला शिकवत नव्हत्या, त्या ऐकत होत्या. सत्र संपून घरी आल्यावर दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. आपण लिहिलेलं आपणच वाचायचं. त्या मध्ये एक अक्षर बोलायच्या नाहीत. संपलं की प्रश्न सुरू. "पायात काय होतं त्यांच्या?" "दार कुठल्या बाजूला उघडतं?" "मग तो शिपाई काय म्हणाला?" म्हणजे माझ्या भाषेबद्दल, शैलीबद्दल एक शब्द नाही. मला वाटायचं, एवढी चांगली उपमा दिली आणि ह्यांना चपलेची पडली आहे. पण उत्तर देता देता माझ्याच तोंडून असं काही निघायचं की मी स्वतःच चकित व्हायचे. मग त्या म्हणायच्या, "हे लिहा ना."

त्यांची शाबासकी एकच होती. एखादं वाक्य जमलं की म्हणायच्या, "हं. दिसलं." बस. त्या "दिसलं" साठी आम्ही सगळे जीव टाकायचो. आपांना ते पहिल्यांदा मिळालं तेव्हा त्यांनी मला जळगावहून फोन केला, नवी सोन्याची अंगठी घेतल्यासारख्या आवाजात.

आणि ही बाई काय रिकामटेकडी होती का? कॉलेजची नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेली आई, आम्ही इतके विद्यार्थी. फोनमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, आईची हाक ऐकू यायची. "एक मिनिट हं, मॅडम," म्हणून जायच्या, आईला पाणी पाजून यायच्या, आणि आल्यावर जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच धरायच्या. एकदा त्या बसमध्ये होत्या आणि गलक्यात काही ऐकू येईना. मी म्हटलं, राहू द्या, पुढच्या रविवारी. तर ही बाई पारोळ्याला बसमधून उतरली, स्टँडवर एका कडेला बसून माझी सगळी पानं ऐकली, आणि मागच्या बसने पुढे गेली. मी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण कुणासाठी बसमधून उतरले नाही. तेव्हापासून माझ्या मनातली "ही पोरगी" गेली आणि "बाई" आली.

वर्षभरात मला "दिसलं" बरेचदा मिळालं. आमच्या शाळेच्या शिपायाबद्दल मिळालं. अक्का तांदूळ निवडताना खडा चिमटीत धरून त्याच्याशी बोलतात त्याबद्दल मिळालं. शेजारच्या बकरीबद्दलसुद्धा मिळालं. फक्त नवऱ्याबद्दल मिळालं नाही. त्यांच्यावरचं पान वाचायला घेतलं की माझा आवाज बदलायचा, मला स्वतःला कळायचं. माइकवर उभी राहिल्यासारखी मी वाचायला लागायचे. बाई शेवटपर्यंत ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरं. पुन्हा बघू."

शेवटचं सत्र जवळ आलं तेव्हा बाकी लेखन तयार होतं आणि मधोमध नवऱ्याच्या जागी मोठं भोक होतं. बाईंनी समजुतीने विचारलं, "मॅडम, त्यांच्याशिवाय दिलं तर? बाकीचं इतकं चांगलं झालं आहे. पदवी मिळेल, चांगली मिळेल."

आणि माझा तोल गेला. फोनवर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. "मला पदवी काय चाटायची आहे? ह्या वयात मला कोण प्रमोशन देणार आहे? मी आले ती ह्या एका माणसासाठी. तुम्ही सगळ्यांना दिसलं म्हणता, बकरीला दिसलं म्हणता, आणि माझा नवरा तुम्हाला दिसत नाही. सव्वीस वर्षांचा संसार म्हणजे काय, तुम्हाला काय माहीत? पायात काय होतं, हातात काय होतं! काळ्या पट्ट्याची स्लीपर होती पायात. एक पट्टा तुटलेला, तांब्याच्या तारेने बांधलेला. मी नवी आणली तर ती दुकानात ठेवून दिली आणि घरात तीच तारेची फरफटत फिरायचे. नुसती कटकट!"

मला वाटलं, आता ह्या फोन कट करतील. मग बाईंचा तो हळू आवाज आला. "मॅडम, तुम्ही किती छान भांडता. ह्याच आवाजात लिहा. मला नका सांगू, त्यांनाच सांगा. भांडा त्यांच्याशी."

मी म्हटलं, "गेलेल्या माणसाशी भांडू? आमच्यात गेलेल्याला नावं ठेवत नाहीत."

त्या म्हणाल्या, "नावं ठेवू नका. फक्त भांडा."

फोन ठेवल्यावर मी तशीच रागात लिहायला बसले. बाईंवरचा राग होता, तो कधी ह्यांच्याकडे वळला ते समजलंच नाही. मी लिहिलं, अहो, अख्ख्या तालुक्याच्या मोटारी तुम्ही फिरवल्या आणि आपल्या घरातला पंखा किती वर्षं कटकट कटकट वाजत होता? कधीही सांगितलं की "उद्या बघतो." शेजारणीचा मिक्सर पाच मिनिटांत दुरुस्त, फुकट, वर तिच्याकडचा चहा. आणि माझा मिक्सर चिकटपट्टीवर चालायचा. सकाळी चहा पोटात जाईपर्यंत तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. कोण म्हणतं हसतमुख? चहा बशीत ओतून फुंकायचे, अर्धा तसाच ठेवून पेपर वाचायचे, आणि मग ओरडायचे की चहा गार कसा झाला. हिवाळ्यात वांगी स्वस्त झाली की मला न विचारता सगळ्या मित्रांना भरताचं आवतण. मळ्यात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायला स्वतः, वाहवा घ्यायला स्वतः, आणि घरी ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या पुऱ्या तळायला मी. रागावले की जेवण सोडायचे. ताठ मानेने ताटावरून उठायचे आणि दुकानात जाऊन अर्धं शटर ओढून शेव-मुरमुरे खायचे. मला काय कळत नव्हतं? मिशीला शेव लागलेली असायची.

आणि अबोला धरला की आम्ही दोघं अक्कांच्या मार्फत बोलायचो. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर. हे म्हणायचे, "अक्का, हिला सांग, भाजीत मीठ नाही." मी म्हणायचे, "अक्का, त्यांना सांगा, मीठ समोर ठेवलं आहे, हात आहेत." अक्का कंटाळून उठून जायच्या. मग मध्ये कुणीच नाही, आणि तरी हे रिकाम्या पाटाकडे बघून म्हणायचे, "अक्का, हिला सांग, मी उद्या बघतो तो पंखा." तिथे मला हसू फुटायचं. मी हसले की त्यांचा खालचा ओठ डावीकडे जायचा. ते त्यांचं हसणं. दात न दाखवता, नुसता ओठ डावीकडे.

हे लिहिलं आणि पेन थांबलं. ओठ डावीकडे जायचा. मला माहीत होतं. इतके दिवस कुठे होतं हे? मी शोधत होते चांगल्या चांगल्या गोष्टींत, आणि हा माणूस माझ्या भांडणात बसून राहिला होता, आरामात, मोटारीच्या तारांना लावायच्या वार्निशच्या वासाचे हात मांडीवर ठेवून.

मेमध्ये देवपूरला शेवटच्या सत्रात मी ती पानं वाचली. ऊन असं होतं की वर्गाच्या भिंतींना हात लावता येत नव्हता. माझा आवाज माइकवरचा नव्हता, घरातला होता. शेव-मुरमुऱ्यापाशी वर्ग हसला. रिकाम्या पाटापाशी हसता हसता थांबला. आपा डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. बाई "दिसलं"सुद्धा म्हणाल्या नाहीत. त्या खिडकीशी जाऊन थोडा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग परत आल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या विद्यार्थिनीएवढी बाई, पण मला वाटलं, माझ्या गुरूने धरला.

मग म्हणाल्या, "मॅडम, आता घरचं वाचन."

ते मी विसरले नव्हते, नुसतं पुढे ढकलत होते. आमच्या अभ्यासक्रमात बाईंनी घातलेला एक नियम होता. घरच्या माणसाबद्दल लिहिलं तर ते सादर करण्याआधी त्याच घरात वाचून दाखवायचं. घरच्यांनी नको म्हटलं तर ती पानं द्यायची नाहीत. आपांनी सासऱ्याबद्दलची पानं नणंदांसमोर वाचली होती आणि दोन महिने त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. शेवटी थोरल्या नणंदेनेच येऊन सांगितलं होतं, "दे ते. खरं आहे." म्हणजे हा काही नुसता शोभेचा नियम नव्हता.

माझ्या घरात वाचून दाखवायला एकच माणूस होतं. अक्का. ज्या माउलीचा कर्ता मुलगा तिच्यासमोर गेला, तिला मी जाऊन सांगणार की तुमचा मुलगा सकाळी तोंड वाकडं करायचा. हे गेल्यापासून अक्का त्यांच्याबद्दल बोलतच नव्हत्या. कुणी विषय काढला की फोटोकडे हात करायच्या, "देवमानूस व्हता," आणि उठून जायच्या. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी पानं फाडली असती. नियमासाठी नाही. पण मग ते भांडणसुद्धा मला आतल्या आत गिळावं लागलं असतं, आणि ह्या घरात पुन्हा फक्त फोटो उरला असता. जळगाव ते जामनेर बसमध्ये मी ती पानं पिशवीच्या तळाशी, साडीखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा झाल्यावर मी अक्कांसमोर बसले. पहिलं खरं सांगितलं, की पगार-बिगार काही वाढत नाही, मी लिहायला शिकायला जात होते. "अक्का, मी ह्यांच्याबद्दल लिहिलं आहे. ऐकाल?" त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं असेल, पुन्हा तसलंच काहीतरी, मांडवातल्यासारखं.

मी वाचायला लागले. पंखा, मिक्सर, बशीतला चहा. अक्का जमिनीकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. अबोल्याचा भाग आला, त्यात तर त्याच होत्या, तरी हलल्या नाहीत. माझा आवाज बारीक होत गेला. शेवटचं वाक्य वाचलं आणि पानं उलटी ठेवली.

अक्कांनी उलटी पानं बोटाने सुलटी केली. मग त्या म्हणाल्या, "आखो एक डाव वाच."

मी पुन्हा वाचलं. ह्या वेळेला शेव-मुरमुऱ्यापाशी त्यांच्या नाकातून फुस्स असं हसू आलं. आणि मग जे सुरू झालं ते मी काय सांगू? "तुले काय म्हाईत व," म्हणून त्या लहानपणापासूनच्या तक्रारी काढायला लागल्या. शाळा बुडवून विहिरीत पोहायला जायचा. पहिलाच नवा रेडिओ आला तर खोलून ठेवला, पुन्हा जोडता आला नाही, आणि उंदरावर नाव घातलं. आजारपणात औषध भिंतीतल्या देवळीत ओतायचा. मी म्हटलं, "अक्का, तुम्हीच लाडावून ठेवलं होतं." त्या म्हणाल्या, "मी? आनि चार डाव चहा कोन करी दे?" आम्ही दोघी तावातावाने भांडायला लागलो, की त्यांना बिघडवलं कुणी. शेजारची सून कुंपणावरून डोकावली, काय झालं म्हणून.

बोलता बोलता अक्का एकदम थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बठ्ठा म्हनेत देवमानूस, देवमानूस. मी काय बोलू मंग? मायना पहिले गया तो. माले इचारं बी नही. माले वाटे, माले एकलीलेच त्याना राग येस."

आईच्या आधी मुलगा गेला, हा राग त्यांच्यात इतके दिवस बसून होता आणि त्याला बसायला घरात जागा नव्हती, कारण सगळी भिंत मी चांगल्या शब्दांनी भरून टाकली होती. मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला, इतका खरा राग, की असे न सांगता कसे निघून गेलात, म्हाताऱ्या आईला आणि मला टाकून. आणि त्या रागासोबत हे सगळेच्या सगळे आले.

मी म्हटलं, "अक्का, मलापण येतो."

त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. मग आम्ही दोघी रडलो, मोठ्याने, हेल काढून, उत्तरकार्याच्या दिवशी रडायला हवं होतं तशा.